लग्नाच्या जेवणानंतर एका रात्रीत दीड किलो वजन वाढले. यातले खरे किती मानायचे?

प्रश्न : गोडोलीकर (सातारा)

सर्वांना नमस्कार. दिवाळीनंतर मी वजन कमी करण्याचे मनावर घेतले आहे. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चालून येते, रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपते आणि रोज सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, डिजिटल काट्यावर उभी राहून आकडा वहीत लिहिते. या वहीनेच मला कोड्यात टाकले आहे.

एका आठवड्याचे, सोमवार ते रविवार, आकडे असे आहेत : ७१.८, ७१.४, ७१.९, ७१.३, ७१.६, ७१.२ आणि ७१.४ किलो. त्या रविवारी सांगलीला भाचीचे लग्न होते. दुपारी पंगत झाली, संध्याकाळी पाठवणीनंतर उरलेला मसालेभात आणि जिलबी झाली, आणि परतीच्या गाडीत भडंगाची पुडी कधी संपली ते कळलेही नाही. सोमवारी सकाळी काट्याने ७३.० किलो दाखवले. पुढचे आकडे ७२.६, ७१.९ आणि ७१.५ असे उतरत गेले. गुरुवारी एकादशी होती. मी खिचडी-वरीच्या वाटेला न जाता दूध आणि फळांवरच उपवास करते. शुक्रवारी सकाळी वजन एकदम ७०.७ भरले, पण शनिवारी ते ७१.२ झाले आणि रविवारी ७१.०.

माझे प्रश्न असे आहेत. एका रात्रीत दीड किलोहून अधिक वजन वाढते, तेव्हा त्यात चरबी किती असते? एकादशीला उतरलेले वजन खरे की दुसऱ्या दिवशी परत आलेले खरे? सकाळच्या आणि रात्रीच्या वजनात माझा एक किलोपेक्षा जास्त फरक पडतो, तो कशामुळे? आमच्या यजमानांच्या मते काटाच बिघडला आहे, आणि जाऊबाईंच्या मते मी पाणी जास्त पिते म्हणून असे होते, ते कमी करावे. कृपया ‘मनावर घेऊ नका’ एवढेच उत्तर देऊ नये. कारण समजले तर मनावर घेणे आपोआप थांबेल.

उत्तर : आहारकट्टा (मिरज)

मी मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हाच प्रश्न लग्नसराईत मला सतत विचारला जातो. आधी हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. १.६ किलो चरबी एका दिवसात अंगावर चढायची, तर रोजच्या गरजेच्या वर १२,००० कॅलरी पोटात जायला हव्यात. तुमच्यासारख्या रोज चालणाऱ्या स्त्रीची दिवसाची सगळी गरज दोन हजारांच्या आसपास असते, म्हणजे एका रविवारी आठवडाभराचे जेवण जेवावे लागेल. पंगतीत आग्रह कितीही झाला तरी ते साधत नाही. जिलबी, मसालेभात आणि भडंग धरून तुम्ही गरजेपेक्षा दोन हजार कॅलरी जास्त घेतल्या असे मानले, तरी चरबीच्या रूपात त्यांचे वजन जेमतेम पाव किलो होते. राहिलेला सव्वा किलोहून अधिक भाग हा पाण्याचा आणि अजून आतड्यातून पुढे न सरकलेल्या अन्नाचा आहे.

पाणी अंगात अडते ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण मीठ. रक्तातील सोडियमचे प्रमाण शरीर फार काटेकोरपणे एका पातळीवर राखते, त्यामुळे मीठ जास्त गेले की तहान वाढते आणि ते प्रमाण कायम ठेवण्यापुरते पाणी मूत्रपिंडे राखून ठेवतात. रुग्णालयात लावतात त्या साध्या सलाईनच्या एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते आणि रक्तातल्या द्रवाशी ते ढोबळमानाने जुळते. यावरून, जास्तीच्या दर ९ ग्रॅम मिठाबरोबर सुमारे एक लिटर पाणी थांबू शकते असा अंदाज बांधता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. लग्नाच्या पानात लोणचे, पापड, मसालेभात, मठ्ठा आणि नंतर भडंग, एवढे आल्यावर ही मर्यादा किती मागे राहिली असेल याची कल्पना तुम्हीच करा. सगळेच मीठ अडकून राहते असे नाही, मूत्रपिंडे ते लगेच बाहेर टाकू लागतात, परंतु हे काम एका रात्रीत पुरे होत नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि तुमचे सोमवार ते गुरुवारचे उतरते आकडे नेमके तेच सांगत आहेत.

दुसरे कारण साखर आणि पिष्टमय पदार्थांचे. त्यांचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम, अशी ही कोठारे असतात. दर एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. वजन कमी करण्यासाठी बेताने जेवणाऱ्या माणसाची ही कोठारे अर्धवट रिकामी असतात, म्हणून भात आणि जिलबीचे एक भरपेट जेवण झाले की दीड-दोनशे ग्रॅम ग्लायकोजेन भरला जातो आणि पाण्यासह काट्यावर सहाशे ते आठशे ग्रॅम उमटतात. एकादशीला याच्या उलट घडते. कोठारे थोडी रिकामी होतात, त्यांच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते, खारट काही पोटात जात नाही आणि आतड्यात अन्नही कमी असते. त्यामुळे ७०.७ हा आकडा काट्याच्या दृष्टीने खरा असला, तरी त्या एका दिवसात चरबी कमी झाली असेल ती फार तर शंभर-दीडशे ग्रॅम. पहिल्या आठवड्यात चार-पाच किलो उतरवून देण्याच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांचे सगळे भांडवल हेच पाणी असते. लोक ते उतरलेले पाहतात, पैसे भरतात, आणि भात सुरू केल्यावर ते परत आले की दोष स्वतःला देतात.

जाऊबाईंचा सल्ला मात्र कृपया मानू नका. पाणी कमी प्यायल्याने त्या दिवशी काटा थोडा खाली दिसेल, पण चरबीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, शरीर पाणी राखू लागते, लघवी गडद होते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात तर हा प्रयोग मुळीच करू नये.

एक गोष्ट आणखी. भाकरी, पालेभाज्या आणि कडधान्ये वाढवली की पहिल्या काही दिवसांत वजन थोडे वर जाऊ शकते, कारण त्यांतला चोथा आतड्यात पाणी धरून ठेवतो. ते पाहून पुष्कळ जण चांगला आहार सोडून देतात.

उत्तर : मोजमाप (विटा)

काट्याविषयी मी लिहितो, कारण भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. घरगुती डिजिटल काट्याच्या चार पायांत भार ओळखणारे छोटे संवेदक असतात. भाराने धातूची पट्टी किंचित वाकते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. जमीन असमान असली, एक पाय फरशीच्या सांध्यात गेला किंवा खाली सतरंजी असली, तर भार चारही पायांवर नीट उतरत नाही. जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरशीवर काटा दोन हात इकडेतिकडे सरकवला तरी अर्ध्या किलोचा फरक पडलेला मी पाहिला आहे. एक सपाट जागा ठरवावी आणि काटा तिथून हलवू नये.

काटा बिघडला आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. आधी नुसते उभे राहावे, मग एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहावे. आकडा एक किलो आणि बाटलीच्या वजनाइतका वाढला पाहिजे. काही काट्यांत मात्र एक लबाडी असते. पाठोपाठ दोनदा वजन केले आणि फरक थोडाच असला, तर काटा नव्याने न मोजता आधीचाच आकडा दाखवतो, म्हणजे ग्राहकाला वाटावे की यंत्र किती अचूक आहे. अशा काट्यावर मध्ये दुसरे काहीतरी जड ठेवून उचलावे आणि मग पुन्हा उभे राहावे. चरबीचे टक्के दाखवणारे काटेही तळपायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून शरीराच्या रोधावरून अंदाज बांधतात, आणि तो रोध अंगातल्या पाण्यावर अवलंबून असतो. तेव्हा ज्या दिवशी पाणी बदलले त्या दिवशी ते टक्केही भरवशाचे नसतात.

तुमच्या आकड्यांवरून मला काटा निर्दोष वाटतो. बिघडलेला काटा असा क्रमाने उतरत नाही, तो कुठेही उड्या मारतो.

सकाळ-रात्रीच्या फरकाचे कोडे फार जुने आहे. इटलीत पादुआ येथे सान्तोरिओ नावाचा वैद्य होता. त्याने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तीसएक वर्षे स्वतःचे, खाल्लेल्या अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन केले. १६१४ साली त्याने निरीक्षणे छापली, त्यांत त्याने लिहिले आहे की दिवसाला आठ पौंड खाल्ले-प्यायले तर त्यांतले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता निघून जातात. त्याचे प्रमाण आज कोणी जसेच्या तसे मानणार नाही, पण मूळ गोष्ट खरी आहे. श्वासातून वाफ जाते, घाम जाणवला नाही तरी त्वचेतून पाणी उडते, आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपात शरीरातला कार्बनही बाहेर पडतो. झोपेत या वाटेने दोन-तीनशे ग्रॅम सहज कमी होतात, पहाटेच्या लघवीचे तीन-चारशे ग्रॅम वेगळे. दिवसा आपण जेवणखाण आणि पाणी मिळून तीन किलोच्या आसपास आत घेतो, त्यांतले सगळे झोपेपर्यंत बाहेर पडलेले नसते, म्हणून रात्रीचा आकडा मोठा. जाता जाता सांगतो, १० किलो चरबी जळते तेव्हा तिच्यातले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात आणि उरलेले १.६ किलो पाणी होते. घाम गाळून चरबी वितळते ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आता तुमच्या वहीकडे येतो. पहिल्या आठवड्याची सरासरी ७१.५ किलो येते आणि दुसऱ्याची ७१.७. सरासरीवर विश्वास ठेवला तर वजन वाढले असे म्हणावे लागेल, पण ती वाढ लग्नानंतरच्या दोनच दिवसांनी घडवून आणली आहे. म्हणून अशा वहीसाठी मला सरासरीपेक्षा मध्यक बरा वाटतो. सातही आकडे चढत्या क्रमाने लावावेत आणि मधला, म्हणजे चौथा, घ्यावा. पहिल्या आठवड्याचा मध्यक ७१.४ आणि दुसऱ्याचा ७१.५ निघतो, म्हणजे लग्न आणि एकादशी दोन्ही जमेस धरून वजन होते तिथेच आहे. तिसऱ्या आठवड्याचे आकडे आले की इथे लिहा.

उत्तर : घाटवाट (सातारा)

वरच्या दोन्ही उत्तरांत स्त्रियांच्या बाबतीतले एक मोठे कारण राहिले आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात संप्रेरकांच्या बदलामुळे अनेकींच्या अंगात पाणी थांबते. पोट फुगल्यासारखे होते, अंगठी घट्ट होते आणि काट्यावर अर्ध्यापासून दोन किलोपर्यंत वाढ दिसू शकते. पाळी सुरू झाल्यावर ती काही दिवसांत ओसरते. सगळ्याच स्त्रियांना हे होते असे नाही आणि एकीलाही दर महिन्याला सारखेच होत नाही. माझा सल्ला असा की वहीत पाळीचे दिवस खुणेने नोंदवावेत आणि या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. नाहीतर महिन्यातले दोन आठवडे उगाच खचून जाण्यात आणि दोन उगाच खूश होण्यात जातात.

दुसरे, व्यायामाविषयी. यवतेश्वरच्या घाटातून धावण्याचा सराव करणाऱ्या आमच्या गटात नव्याने येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, की एवढा चढ धावूनही वजन वाढले कसे. चढ-उताराने, त्यातही उतारावर, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात, त्या ठिकाणी दुरुस्तीसाठी पाणी जमा होते आणि स्नायू पूर्वीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवू लागतात. या कारणाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा हलत नाही किंवा थोडा वरच जातो. लांब धाव झाल्यावर लगेच वजन केले तर दीड-दोन किलो कमी भरते, पण तो सगळा घाम असतो आणि तो भरून काढलाच पाहिजे.

उत्तर : माणदेशी (आटपाडी)

इतका खटाटोप कशासाठी करावा, हे मला समजत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदा वजन करावे आणि बाकीचे दिवस काटा माळ्यावर ठेवावा. आमच्या वडिलांनी आयुष्यात काटा पाहिला तो धान्याचाच.

उत्तर : आहारकट्टा (मिरज)

माणदेशींचे म्हणणे काही जणांच्या बाबतीत अगदी योग्य आहे. आकडा पाहून ज्यांचा दिवस खराब होतो, जे वाढ दिसली की जेवण टाळतात आणि घट दिसली की बेत मोडतात, त्यांनी रोज काट्यावर उभे राहू नये. खाण्याविषयी ज्यांना पूर्वी आजार होण्याइतकी चिंता होती त्यांनी तर नाहीच. पण महिन्यातून एकदाच वजन करायचे आणि नेमकी ती तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली, तर पुढचा संपूर्ण महिना त्या एका चुकीच्या आकड्यावर काढावा लागतो. रोज वजन करणाऱ्याजवळ तो आकडा बाजूला सारण्यासाठी बाकीचे सहा असतात. ज्यांना महिन्याचाच हिशेब आवडतो त्यांनी त्याच्या जोडीला कमरेचा घेर टेपने मोजावा. अंगातल्या पाण्याने तो वजनाइतका बदलत नाही.

गोडोलीकर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी बाटलीचा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि काटा निर्दोष ठरल्याचे मान्य केले. तिसऱ्या आठवड्याचे आकडे ७१.१, ७०.९, ७१.३, ७०.८, ७१.०, ७०.७ आणि ७०.९ असे आहेत, मध्यक ७०.९ आला. म्हणजे एकादशीला वजन गेले होते जवळपास तिथेच, पण या वेळी उपवासाशिवाय आणि आठवडाभर टिकून.

आता आणखी एक विचारते. घरात सासूबाई आहेत, वय पंचाहत्तर. त्यांचे हृदय अशक्त झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि लघवीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितले होते, पण आम्ही ते लठ्ठपणाच्या अर्थाने घेतले आणि त्या तर बारीकच आहेत म्हणून सोडून दिले. त्यांचेही आठवड्याचा मध्यक काढून पाहिले तर चालेल का?

उत्तर : सेवाव्रत (सातारा)

ताई, त्यांच्या बाबतीत तसे करू नका. मी परिचारिका म्हणून हृदयरोग्यांच्या कक्षात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिते. तुमच्या वजनात रोजचे पाणी हा अडथळा आहे आणि तो बाजूला सारून तुम्हाला चरबी पाहायची आहे. सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांना पाणीच पाहायचे आहे. हृदय रक्त नीट पुढे ढकलू शकले नाही की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि पायावर सूज दिसण्याच्या किंवा दम लागण्याच्या काही दिवस आधी पुष्कळदा वजन वाढू लागते. आठवड्याचा मध्यक काढलात तर नेमका तो इशाराच पुसला जाईल.

त्यांचे वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि चहाच्या आधी, सारख्याच हलक्या कपड्यांत करावे. काटा भिंतीजवळ ठेवावा आणि तुम्ही शेजारी उभे राहावे, पण आकडा येईपर्यंत त्यांनी भिंतीला किंवा तुमच्या खांद्याला धरू नये, नाहीतर वजन कमी दिसते. तोल जात असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी सोय करावी. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि त्यांनी तुम्हाला याहून कमी मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळावी. नडगीवर बोट दाबून काढल्यावर खळगा राहतो का, नेहमीपेक्षा जास्त उशा घ्याव्या लागतात का, रात्री दम लागून उठून बसावे लागते का, हेही वहीत लिहावे. आडवे पडल्यावर श्वास घेता येत नसेल किंवा छातीत दुखत असेल तर वजन करत न बसता थेट रुग्णालयात न्यावे. उलट, वजन दोन-तीन दिवस झपाट्याने उतरत असेल आणि उभे राहताना चक्कर येत असेल, तर लघवीच्या गोळीने पाणी गरजेपेक्षा जास्त जात असण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात आणि जुलाब झाल्यावर हे विशेष घडते. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नये किंवा बंदही करू नये. दिवसाला किती पाणी द्यायचे ते त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. वर तुम्हाला दिलेला पाण्याविषयीचा सल्ला त्यांना लागू होत नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिनने, घोट्यावर सूज येते, आणि स्टेरॉइडनेही अंगात पाणी थांबते. म्हणून फोन करताना चालू औषधांची यादी हाताशी ठेवावी. आणि तुम्हा सर्वांसाठी एवढेच, की काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा किंवा अधिक कमी झाला, किंवा वजन उतरत असताना तहान आणि लघवी फार वाढली, तर तो रोजचा चढउतार नव्हे. तेव्हा रक्तातली साखर आणि इतर तपासण्या करून घ्याव्यात.

सासूबाईंचे उद्या सकाळचे वजन, तारखेसह, वहीच्या वेगळ्या पानावर लिहा आणि डॉक्टरांना विचारून त्यांचे कोरडे वजन, म्हणजे सूज नसतानाचे वजन, त्याच पानाच्या वर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा असतो.